बाक तसाच राहील, पण दुखणे कमी होऊ शकते

प्रश्न : माझे वय ४२ असून शाळेत असतानाच मला स्कोलिओसिसचे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकल्याचे, निदान झाले होते. नुकत्याच काढलेल्या एक्स-रेत बाक २८ अंशांचा आढळला. कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीने जाऊन दिवसभर संगणकासमोर बसल्यावर संध्याकाळी कंबर धरते. सासूबाई विश्रांती घ्यायला सांगतात, तर मैत्रिणीच्या मते योगासनांनी कणा सरळ होईल. मी काय करावे? माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिलाही हा त्रास होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाढ पूर्ण झाल्यानंतर व्यायामाने कणा सरळ होत नाही, ही आशा आधीच सोडलेली बरी. मात्र ३० अंशांच्या आतील बाक प्रौढपणी सहसा फारसा वाढत नाही आणि बाक किती अंशांचा आहे यावरून दुखणे किती असेल हेही ठरत नाही. थकलेले स्नायू, तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे आणि अपुरी झोप यांचाही दुखण्यात मोठा वाटा असतो, आणि त्यावर आपल्याला बरेच काही करता येते. सासूबाईंचा सल्ला फार तर एक-दोन दिवसांपुरता पाळावा. अंथरुणावर अधिक काळ पडून राहिल्यास स्नायू आणखी दुबळे होतात.

रोज दोन वेळा दहा-पंधरा मिनिटे चालण्यापासून आणि मार्जारासनासारख्या सौम्य हालचालींपासून सुरुवात करावी. पुढे गुडघे-तळहातांवर येऊन विरुद्ध बाजूंचे हात-पाय उचलून काही सेकंद धरावेत. कामाच्या वेळी दर अर्ध्या तासाने उठावे. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल, पण वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले नाही, तर मात्रा निम्मी करावी. पिळाची आसने आणि खोल मागे वाकणे तूर्त टाळावे. जर्मनीच्या कॅथरिना श्रॉथ यांनी १९२१ च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत श्वास भरायला शिकवतात. परंतु प्रत्येकाचा बाक निराळा असल्याने कोणती बाजू ताणायची आणि कोणती बळकट करायची, हे जाणकार फिजिओथेरपिस्टकडून एकदा ठरवून घ्यावे, चित्रफीत पाहून नव्हे. शिवाजीनगरला १९७५ मध्ये सुरू झालेल्या अय्यंगार योगसंस्थेमुळे दोर, लोड, खुर्ची यांच्या आधाराने आसने शिकवणारे शिक्षक पुण्यात सहज मिळतात. त्यांना बाकाची पूर्वकल्पना अवश्य द्यावी. लॅपटॉपची बॅग खांद्यावर न अडकवता डिकीत ठेवावी; हिंजवडीच्या रस्त्याबद्दल याहून अधिक सल्ला देण्याचे धाडस मी करणार नाही.

पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्कोलिओसिस काही घराण्यांत आढळतो, पण मुलीला तो होईलच असे नाही. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तेव्हा दर सहा महिन्यांनी तिला गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे आणि पाठीची एक बाजू उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण साधारण २५ ते ४० अंशांचा बाक वाढू नये म्हणून वापरला जाणारा पट्टा वाढीच्या वयातच उपयोगी पडतो.