पुण्याला गेलं नाही तर मागे पडेन का?

बी.कॉम.चे निकाल लागले की माझ्याकडे येणारी बरीच मुलं हेच विचारतात: अकाउंट्समध्ये करिअर करायचं, तर पुढचं शिक्षण पुण्यालाच घ्यावं लागेल का? औसा तालुक्यातल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पुण्यातल्या एका खासगी संस्थेत तिला फायनान्सच्या एम.बी.ए.ला प्रवेश मिळत होता आणि आठवड्यात पहिला हप्ता भरायचा होता. सोबत आलेले वडील म्हणाले, "मॅडम, दोन एकर गहाण टाकतो, पण लेकराची संधी हुकू नये."

कॉलेजचा विषय मी बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "तुला नेमकं काम कोणतं करायचंय?" तिने लगेच सांगितलं, "कंपन्यांचं ऑडिट. रिपोर्टवर माझी सही पाहिजे."

ती सही करायचा अधिकार कंपनी कायद्याने फक्त चार्टर्ड अकाउंटंटला दिलाय. एम.बी.ए. कितीही नामांकित ठिकाणचं असो, त्याने तो मिळत नाही. तीन वर्षं कॉमर्स शिकून हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लातूर पॅटर्नच्या या भागात बारावी सायन्सच्या मुलांना उठता-बसता मार्गदर्शन मिळतं, कॉमर्सच्या पोरांकडे मात्र कुणी बघत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

बारावीनंतर फाउंडेशन, म्हणजे सी.ए.ची पहिली परीक्षा, दिली नाही म्हणजे सी.ए. संपलं, असं ती धरून चालली होती. तसं नाही. बी.कॉम.ला 55 टक्के असले की थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सी.ए.च्या दुसऱ्या टप्प्याला, नोंदणी करता येते. तिला 61 होते. या परीक्षेतले विषयांचे दोन्ही ग्रुप निघाले की आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तीही 2023 पासून तीनऐवजी दोन वर्षांची, आणि त्या काळात थोडंफार विद्यावेतन मिळतं. परीक्षा अवघड आहे, हुशार मुलंही एकापेक्षा जास्त वेळा अडकतात, हे मी वडिलांसमोरच सांगितलं.

म्हणून जोडीला दुसरा आधार हवा. लातूरलाच एम.कॉम. केलं आणि 55 टक्के मिळाले, तर सेट-नेट देऊन प्राध्यापकीची वाट मोकळी राहते. मध्येच वडिलांनी विचारलं, "आमच्या सोसायटीचं ऑडिट करायला येतात, ते सी.ए. असतात का?" नेहमीच नसतात. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका आणि पुरेसा अनुभव असलेली माणसंही पतसंस्था, सोसायट्यांचं ऑडिट करतात. पदवीनंतर ही परीक्षा देता येते. आपल्या भागात हे काम भरपूर आहे.

एम.बी.ए. वाईट नाही. बँकेत किंवा कंपनीच्या वित्त विभागात जायचं असेल तर जरूर करावं. पण पैसे भरण्याआधी तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांशी बोलावं. तिने दोघांना फोन लावला. एक विमा पॉलिसी विकत होता, दुसरा कर्जवसुलीत होता. जमीन गहाण पडली नाही.

तिने इंटरमीजिएटला नोंदणी केली आणि लातूरला एम.कॉम.ला प्रवेश घेतला. परवा फोन आला. पहिला ग्रुप निघालाय, दुसरा कॉस्टिंगच्या, म्हणजे उत्पादन-खर्चाच्या हिशोबाच्या, पेपरमुळे राहिला आणि तो निघेपर्यंत आर्टिकलशिप सुरू होत नाही, म्हणून रडवेली झाली होती. इंटरमीजिएटची परीक्षा आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. सप्टेंबरचा फॉर्म भर आणि रोज सकाळी आधी कॉस्टिंगची गणितं सोडव, असं तिला सांगितलंय.