मरतूक थांबली म्हणजे व्हायरस गेला असं नाही

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा, कोई माशांच्या टाक्यांमध्ये केएचव्ही (कोई हर्पीस व्हायरस) निघाला, पीसीआर पॉझिटिव्ह आली, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पाणी २३ वरून ३० डिग्रीवर नेलं आणि आठवड्याभरात मरतूक थांबली, तर आता नवीन मासे सोडू का. नका सोडू. मरायचं थांबलं हे खरंय, पण व्हायरस आहे तिथेच आहे.

मासा थंड रक्ताचा, पाण्याचं जे तापमान तेच जवळपास त्याच्या अंगाचं. म्हणजे हीटर वाढवला की माशाची प्रतिकारशक्ती आणि व्हायरसचा वाढीचा वेग दोन्ही एकदम बदलतात. प्रत्येक व्हायरसची आपली एक रेंज असते. केएचव्हीचा आजार साधारण १६ ते २८ डिग्रीत दिसतो, ३० च्या वर त्याला माशाच्या पेशीत नीट वाढता येत नाही, तेवढ्या वेळात मासा सावरतो. पण सावरलेला मासा कॅरियर राहतो, व्हायरस त्याच्या पांढऱ्या पेशींमध्ये गप्प बसतो, आणि पाणी परत २०-२५ वर आलं, वर जाळी मारणं, वाहतूक, गर्दी असला काही ताण पडला की पुन्हा बाहेर पडू शकतो. तुमचे जुने मासे ठणठणीत दिसतील आणि नवीन मरतील, मग तुम्ही नवीन मासे देणाऱ्याशी भांडत बसाल.

हे मी स्वतः भोगलंय, फक्त उलट्या बाजूने. थंडीत मासे आणले, वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवले, पाणी १२-१३ डिग्री, एकही मेला नाही, मी खूश. क्वारंटाइन झालं म्हणून मोठ्या तळ्यात सोडले आणि पाणी १८ च्या वर गेल्यावर कल्ले पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले, कातडीवर चिकट चट्टे असलेले मासे वर यायला लागले. १३ च्या खाली हा आजार दिसतच नाही, त्यामुळे माझा तो महिना फुकट गेला. क्वारंटाइन करायचं तर २२ ते २५ वर, निदान तीन-चार आठवडे, आणि सोबत आपल्याकडचे दोन-चार स्वस्तातले सायप्रिनस (साधे कार्प, कोईचेच भाऊबंद) ठेवायचे, ते आजारी पडले की समजायचं.

आता "गरम केलं की बरं होतं" हा सल्ला सगळ्यांना देत सुटू नका, हात जोडून सांगतो. ट्राउट माशाचा व्हीएचएस हा व्हायरसचा आजार थंड पाण्यातला, ४ ते १४ डिग्रीत मारतो, १५ च्या वर मरतूक कमी होते. सायप्रिनसचा एसव्हीसी, हाही व्हायरसचाच आजार, पाणी १० ते १७ असताना, कारण हिवाळ्यातून मासा अशक्त निघालेला असतो आणि गार पाण्यात अँटिबॉडी फार हळू तयार होतात, व्हायरस तेवढ्यात पुढे निघून जातो. पण तिलापियाचा टीआयएलव्ही (तिलापिया लेक व्हायरस) गरम पाण्यातला, चॅनल कॅटफिशच्या पिल्लांचा हर्पीस तर २५ ते ३० डिग्रीतच धुमाकूळ घालतो आणि १८ च्या खाली शांत होतो. तिथे हीटर लावणं म्हणजे आगीत तेल. म्हणून आधी टेस्ट, मग थर्मोस्टॅटला हात.

एक गंमत सांगतो. केएचव्ही झालेल्या सायप्रिनसला वेगवेगळ्या तापमानाचे कप्पे असलेल्या टाकीत सोडलं तर तो आपणहून गरम कप्प्यात जाऊन बसतो, आपल्याला ताप येतो तसाच हा प्रकार. २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की व्हायरस एक फसवं प्रोटीन तयार करतो आणि माशाचं ते गरम पाण्याकडे जाणं लांबवतो. आपल्या टाकीत सगळीकडे एकच तापमान, बिचारा जाणार कुठे.

गरम केलंच आहे तर ऑक्सिजन बघा. २० डिग्रीला पाण्यात लिटरमागे ९ मिग्रॅच्या आसपास मावतो, ३० ला साडेसातच, आणि तुमच्या माशांचे कल्ले आधीच सडलेत. पीएच ८ च्या आसपास असेल तर त्याच अमोनियातला विषारी भाग २० पेक्षा ३० डिग्रीला जवळजवळ दुप्पट होतो. एअरेटर वाढवा, खाद्य निम्म्यावर आणा, तापमान दिवसाला एक-दोन डिग्रीच्या वर हलवू नका. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, मागून जिवाणूंची लागण झाली असेल तरच आणि तेही डॉक्टरने दिलं तर.

वाचलेल्या माशांचं म्हणाल तर दोनच रस्ते. एकतर तो कळप कायमचा बंद, त्यात नवीन नाही, त्यातलं कुणाला विकायचं-द्यायचं नाही, जाळी-बादल्या वेगळ्या. नाहीतर सगळे काढून, टाक्या निर्जंतुक करून, सुकवून नव्याने सुरुवात. मी दुसरा घेतला, जीवावर आलं होतं. आणि केएचव्ही हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे, बऱ्याच देशांत कळवणं सक्तीचं आहे, तर मत्स्य खात्याला कळवून मगच काय ते करा.

बाकी पहाटेचं तापमान किती असतं ते लिहा. दुपारी ३० आणि पहाटे २६ होत असेल तर रोज रात्री तुम्ही व्हायरसला त्याच्या रेंजमध्ये परत आणताय.