‘ऑलरेडी डिफाइन्ड’ आलं म्हणून डेफ लावू नका

तुम्ही लिहिलंय की लाटेकमध्ये (गणिती मजकूर जुळवायची प्रणाली) सदिशांसाठी ‘व्ही’ नावाचा मॅक्रो, म्हणजे स्वतःची छोटी आज्ञा, केला, ‘ऑलरेडी डिफाइन्ड’ ही एरर आली, कुणीतरी न्यूकमांडच्या (नाव आधीच घेतलेलं असेल तर अडवणारी आज्ञा) जागी डेफ (न विचारता बदलणारी) लावायला सांगितलं आणि आता संदर्भसूचीत ‘मॅथबीएफ अलाउड ओन्ली इन मॅथ मोड’ येतंय. सूचीत काहीही चुकलेलं नाही. लाटेकमध्ये ‘व्ही’ आधीपासून आहे. झेक किंवा स्लोव्हेनियन आडनावांतल्या अक्षरांवरचं छोटं चिन्ह तो देतो. डेफने तो गुपचूप पुसून तिथे तुमचा मॅथबीएफवाला, म्हणजे फक्त गणितात चालणारं ठळक अक्षर देणारा मॅक्रो बसवला, आणि सूचीत तसं पहिलं आडनाव येताच गाडी अडकली. न्यूकमांड याचसाठी अडवत होता. नाव बदला, एकाक्षरी ठेवूच नका. आकडाही नको, नावात फक्त अक्षरं चालतात.

हेच दुखणं मला एका नियतकालिकाच्या क्लास फाइलने (लेखाची मांडणी ठरवणारी फाइल) दिलं. वास्तव संख्यांसाठी मी ‘आर’ रीतसर न्यूकमांडने केला होता, एररही नव्हती. पण त्यांच्या क्लासने ॲटबिगिनडॉक्युमेंटमध्ये (बिगिन डॉक्युमेंटपाशी, मजकूर सुरू होताना चालणारा भाग) स्वतःचा ‘आर’ डेफने बसवला होता, तोही एक आर्ग्युमेंट, म्हणजे पुढचा मजकूर, घेणारा. मग माझा प्रत्येक ‘आर’ पुढचं चिन्ह गिळायला लागला. पुढे मिटता महिरपी कंस असला की ‘हॅज ॲन एक्स्ट्रा’ची एरर, तीही माझ्या निर्दोष प्रमेयाच्या ओळीवर. निर्मिती विभागाला लिहिलं तर दर वेळी एकच उत्तर: आमच्याकडे नमुना फाइल नीट चालते. अहो, नमुन्यात ‘आर’ वापरलाच नव्हता! लेखकाची फाइल एकदा उघडून बघायला काय हरकत होती? आजही याचा राग येतो.

शेवटी सापडलं ते शो या आज्ञेमुळे. शो लिहून पुढे मॅक्रोचं नाव द्या: एकदा बिगिन डॉक्युमेंटच्या आधी, एकदा नंतर. आधी लॉगमध्ये (धावेच्या नोंदींची फाइल) ‘लाँग मॅक्रो’ दिसलं, नंतर नुसतं ‘मॅक्रो’ आणि पुढे हॅश एक, म्हणजे आर्ग्युमेंटची खूण. साधा न्यूकमांड नेहमी लाँग मॅक्रो करतो. म्हणजे मधे दुसऱ्या कुणीतरी हात घातला होता. एररचा ओळ क्रमांक फक्त टेक (लाटेकच्या आतलं इंजिन) कुठे अडखळला ते सांगतो, बिघाड कुठे केला गेला ते नाही.

डेफ मुळात वाईट नाही. ठरावीक खुणेपर्यंतचा मजकूर उचलायला तो उपयोगीच आहे. पण माझ्या मते प्रबंधाच्या फाइलमध्ये त्याचं काम नाही. पॅकेज लिहिणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल.

आणि हो, दुरुस्तीनंतरही तीच एरर आली तर आधी ऑक्स फाइल (लाटेक मागच्या धावेची माहिती जिथे ठेवतो ती) उडवा. बिघडलेली जुनी ओळ तिथे अडकून राहते.