राउटरमध्ये पन्नासएक प्रोसेस चालू दिसतात. कोणत्या बंद केल्या तर नेट वेगात चालेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ३०० एमबीपीएसचं कनेक्शन, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली प्रणाली) टाकलंय, एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) आत जाऊन पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर पन्नासएक प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, निघाल्या. त्यातल्या बऱ्याच चौकोनी कंसात आहेत, डीएनएसमास्क (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी आणि घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी प्रोसेस) तर दोनदा आहे. यातलं काय उडवलं की स्पीड वाढेल, आणि कुणी घुसखोर तर बसलेला नाही ना?

वेगासाठी काहीही उडवू नका. त्या यादीतली जवळपास एकही प्रोसेस तुमचा डेटा वाहून नेत नाही. इकडून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) तिकडे ढकलायचं काम लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः करतो, काही राउटरमध्ये तर चिपच परस्पर करते. प्रोसेसकडे असतात पत्ते वाटणं, नावं शोधणं, वायफायचा पासवर्ड तपासणं, घड्याळ लावणं असली कामं. स्वारगेट डेपोत वेळापत्रक लावणारा माणूस बस चालवत नाही. तो जेवायला गेला तरी सुटलेल्या बस रस्त्यावर धावतच असतात.

पटत नसेल तर घरी करून बघा. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावा आणि राउटरवर सर्व्हिस कमांडने डीएनएसमास्क थांबवा. कॉल चालूच राहील. मग आज एकदाही न उघडलेली एखादी साइट उघडा, ती फिरत बसेल, कारण नावावरून पत्ता सांगणारा उरलेला नाही. (तुमचा ब्राउझर स्वतःचं सुरक्षित डीएनएस वापरत असेल तर तीही उघडेल.) तुमच्या फोनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आधीच मिळालेला आहे. ओपनडब्ल्यूआरटीत त्याची मुदत मूळ सेटिंगनुसार १२ तास असते आणि निम्मी मुदत झाली की फोन ती वाढवून मागतो, म्हणून त्याला लगेच काही जाणवत नाही. पण त्याच वेळी पाहुणे आले आणि त्यांनी वायफाय जोडलं, तर त्यांना आयपी देणारं कुणी नाही. म्हणजे जुन्यांचं चालू आणि नव्यांचं बंद! सोसायटीच्या ग्रुपवर ‘माझं नेट चालतंय, तुमचंच गेलंय’ असे जे वाद रंगतात, त्यातले काही इथलेच असतात.

प्रयोग करताना किल (प्रोसेस मारायची कमांड) नाही, सर्व्हिस कमांडच वापरा. किल केलंत तर पाचेक सेकंदांत डीएनएसमास्क नवीन क्रमांक घेऊन परत हजर होईल. एक नंबरची प्रोसेस प्रॉकडी आहे, तिचं कामच मेलेल्यांना उठवणं. मात्र एखादी प्रोसेस उठल्या उठल्या पुन्हा पुन्हा पडत राहिली, तर मूळ सेटिंगनुसार पाच प्रयत्नांनंतर प्रॉकडी तिचा नाद सोडते. ‘सकाळपर्यंत चालत होतं, मग कायमचंच बंद पडलं’ अशा तक्रारीत लॉगमध्ये आधी हे शोधावं.

दोन अपवाद आहेत, त्यांना गंमत म्हणूनसुद्धा हात लावू नका. होस्टएपीडी गेली की वायफाय तत्क्षणी गायब, कारण प्रत्येक फोनशी किल्ल्यांची देवाणघेवाण तीच करते. आणि कनेक्शन पीपीपीओई असेल, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडलेलं असेल, तर पीपीपीडी मारल्यावर लाइनच तुटते.

चौकोनी कंसातले ते कर्नलचे स्वतःचे धागे. केवर्कर, केसॉफ्टआयआरक्यूडी वगैरे. त्यांना बाकीच्या प्रोसेससारखी स्वतःची मेमरी नसते, यादीत व्हीएसझेडच्या (मेमरीच्या आकाराच्या) रकान्यात शून्य दिसतं, आणि किल मायनस नाइन मारूनही ते मरत नाहीत. तो रकाना बघताना बाकीच्या प्रोसेसच्या आकड्यांची बेरीज मात्र करत बसू नका. सामायिक लायब्ररी प्रत्येकीच्या नावावर वेगवेगळी मोजली जाते, त्यामुळे बेरीज खऱ्या वापरापेक्षा बरीच फुगते.

आता स्पीड. केबल लावून स्पीड टेस्ट चालू करा आणि त्याच वेळी टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड) बघा. वरच्या ओळीत यूएसआर, एसवायएस, आयडल असे आकडे असतात; तुम्ही शेवटचा एसआयआरक्यू बघा. तो चढून आयडल शून्याकडे आला, तर पॅकेट ढकलता ढकलताच प्रोसेसरचा जीव जातोय. खाली प्रोसेसच्या यादीत सगळे एक-दोन टक्क्यांवर निवांत बसलेले दिसतील, आणि लोक नेमके त्यांनाच मारत सुटतात. उपाय फायरवॉलच्या सेटिंगमध्ये आहे. फ्लो ऑफलोडिंग चालू करा, म्हणजे एकदा ओळख पटलेल्या प्रवाहाचं प्रत्येक पॅकेट पुन्हा सगळ्या नियमांतून जात नाही. एसक्यूएम (पॅकेटची रांग लावून नेटचा अडखळा कमी करणारी सोय) लावलं असेल तर ते आणि ऑफलोडिंग एकत्र नांदत नाही, एकच निवडा. आणि केबलवर पूर्ण ३०० येत असतील, पण बेडरूममध्ये वायफायवर येत नसतील, तर तो भिंतींचा आणि शेजारच्या पंधरा वायफायचा प्रश्न आहे. त्यात राउटरच्या प्रोसेस बिचाऱ्या काय करणार?

मी हिंजवडीत मोठ्या राउटरवर काम करतो, तिथेही गोष्ट हीच, फक्त नावं वेगळी. सिस्को कंपनीच्या राउटरच्या जुन्या आयओएस प्रणालीत (आयफोनची ती वेगळी) शो प्रोसेसेस सीपीयू ही कमांड मारली की ६०%/५२% असं काहीतरी येतं. पहिला आकडा एकूण भार, दुसरा त्यातला इंटरप्टमधला, म्हणजे पॅकेट ढकलण्यातला. प्रोसेसच्या वाट्याला उरले ८. नवीन मुलं ६० बघून घाबरतात. उलटं असतं तेव्हा मी घाबरतो: दुसरा आकडा छोटा आणि यादीत आयपी इनपुट ही प्रोसेस सगळ्यात वर, म्हणजे जी पॅकेट परस्पर पुढे जायला हवीत ती एकेक करून प्रोसेसच्या हाती पडतायत. दर मिनिटाला बीजीपी स्कॅनर (मार्गांची यादी तपासणारी प्रोसेस) थोडा उसळतो, ते नेहमीचंच. त्या आयओएसमध्ये सगळ्या प्रोसेस एकाच मेमरीत नांदायच्या, एकीने गोंधळ घातला की अख्खा राउटर रीबूट. ज्युनिपर या दुसऱ्या राउटर कंपनीने फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीवर आपलं जूनोस उभारलं, त्यात राउटिंगची आरपीडी वेगळी आणि चेसिस सांभाळणारी चेसिसडी वेगळी. तुमच्या घरचा डबा या बाबतीत जुन्या आयओएसपेक्षा शहाणा आहे.

घुसखोराची शंका मात्र रास्त आहे, आणि त्यासाठी प्रोसेस मोजून उपयोग नाही, कान कोण लावून बसलंय ते बघा. नेटस्टॅट कमांडने ऐकणाऱ्या पोर्टची (जोडणीच्या दारांची) यादी काढा. १२७.०.०.१ वर ऐकणारा राउटरच्या आतल्या आतच बोलतोय. ०.०.०.० वाला सगळ्या बाजूंनी ऐकतो; ओपनडब्ल्यूआरटीचा फायरवॉल बाहेरची बाजू मुळातच अडवतो, पण तुम्ही कधी ‘तात्पुरतं’ काही उघडून ठेवलंय का ते तपासा. टेलनेटडी (दूरून आत शिरायची जुनी, असुरक्षित सोय) दिसली तर बंद. मिनीयूपीएनपीडी दिसली आणि घरात कुणी ऑनलाइन गेम खेळत नसेल, तर तीही बंद, कारण घरातलं कुठलंही उपकरण तिच्याकडून न विचारता बाहेरचं दार उघडून घेऊ शकतं. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, त्यामागे ७५४७ या पोर्टवर मिराई या घरगुती उपकरणांत घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमच्या एका प्रकाराने केलेला मारा होता. कंपनीला दुरून राउटर सांभाळता यावा म्हणून ठेवलेलं ते दार.

मिराई फाइल पुसून फक्त मेमरीत राहायचा, म्हणून रीबूट केलं की जायचा, आणि पासवर्ड तोच असला की परत यायचा. काही घुसखोर केवर्करचं नाव लावून चौकोनी कंसात बसतात. त्यांना पकडायला व्हीएसझेड शून्य आहे का ते बघा. शिवाय प्रोक फोल्डरमध्ये त्या क्रमांकाखाली एक्सई नावाचा दुवा असतो. खऱ्या कर्नल धाग्याचा तो कुठेच जात नाही, खोट्याचा एखाद्या फाइलकडे जातो.

एक दुसरंच, पण तुम्हाला दिसेलच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊन आली की लॉगमध्ये आधी जुनी तारीख आणि मग एकदम आजची येते. घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी सहसा नसते. चालू झाल्यावर तो आपल्या फायलींतल्या सर्वांत ताज्या तारखेपासून सुरुवात करतो आणि नेट आलं की एनटीपीडी खरी वेळ लावते. त्या मधल्या वेळात घड्याळ चुकलेलं असल्यामुळे व्हीपीएन जोडलं नाही तर प्रमाणपत्राला दोष देऊ नका, दोन मिनिटं थांबा.

राहिला डीएनएसमास्क दोनदा का. ओळ पूर्ण वाचा. एकीच्या सुरुवातीला यूजेल असेल आणि ती रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) नावावर असेल, दुसरी डीएनएसमास्क याच नावाच्या युजरची. नव्या आवृत्त्यांत पहिली दुसरीला कुंपणात ठेवून चालवते, म्हणजे डीएनएसमास्कमध्ये भोक सापडलं तरी आत शिरलेल्याला सगळा राउटर मिळत नाही. दोन्ही राहू द्या.