उंची कमी म्हणून परत पाठवलेला गोलकीपर

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, गोलकीपर आहे. परवा सिलेक्शनला उंची कमी म्हणून घरी पाठवलं, तेव्हापासून ग्लोव्ह्ज कपाटात पडलेत. घरात सगळे म्हणतात, गोलकीपरला पुढे काही नसतं, साधा कोचपण होत नाही तो. खरंय का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्याला इटलीचा गोलकीपर दिनो झोफ याचं सांगा. तोही याच वयाचा असताना युव्हेंटस आणि इंटर या इटलीतल्या बड्या क्लबांनी बुटका म्हणून परत पाठवला होता, मग आजीने अंडी खायला घालून घालून वाढवला म्हणतात (अंडी द्याच, पण उंची अंड्यांनीच वाढली असं मी नाही म्हणणार). तो मेकॅनिकचं काम शिकला, १९६१ मध्ये उदिनेसे क्लबकडून पहिली मोठी मॅच खेळला तर ५ गोल खाल्ले, आणि १९७२ मध्ये त्याच युव्हेंटसने त्याला घेतलं! ११ सीझन, ६ वेळा लीग जिंकली आणि लीगची एक मॅच चुकवली नाही पठ्ठ्याने.

१९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये लांबून गोल बसले तेव्हा लोक म्हणाले संपला हा. ४ वर्षांनी तो कॅप्टन, वय ४०, समोर ब्राझील, इटली ३-२ पुढे आणि शेवटच्या मिनिटांत ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर आला. झोफ आडवा झाला आणि बॉल गोललाइनवरच दाबून धरला, ब्राझीलवाले हात वर करून गोल गोल करतायत आणि हा बॉल जरासुद्धा मागे सरकू देत नाही. तो व्हिडिओ मुलाला नक्की दाखवा. पुढे कपही उचलला.

आता कोचचं. झोफ चांगला हेड कोच झाला, १९९० मध्ये युव्हेंटसला युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) आणि इटालियन कप एकाच सीझनमध्ये दिला तरी नोकरी गेली. २००० च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलला त्याची इटली इंज्युरी टाइमपर्यंत १-० पुढे होती, फ्रान्सने बरोबरी केली, मग त्यांच्याच त्रेझगेचा गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपायची, असा तेव्हाचा नियम). इटलीतले बडे राजकारणी बर्लुस्कोनी जाहीरपणे वाट्टेल ते बोलले, झोफने सरळ राजीनामा दिला. मला तो तिथे फार आवडतो.

गोलकीपरला अख्खं ग्राउंड समोर दिसतं, डिफेन्सला ओरडून ओरडून जागेवर आणायचं कामही त्याचंच, म्हणजे अर्धी कोचिंग तो खेळतानाच करतो. मुलाला हे आत्तापासून करू दे. आणि ते ग्लोव्ह्ज आजच बाहेर काढा, पडून राहिले की तळव्याचा फोम सुकून तडकतो, कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.