स्तोत्रांमागच्या जुन्या कथा: वाचकांचे प्रश्न

बायबलमधल्या स्तोत्रांत पाणी आणि आग पदोपदी येतात. दर वेळी नोहाच्या काळी जग बुडवणारा जलप्रलय किंवा आग-गंधकाने नष्ट झालेले सदोम नगर समजायचे का?

मुळीच नाही. पाणी हे संकटाचे नेहमीचे रूपक आहे. स्तोत्र ६९ मध्ये गळ्याशी आलेल्या पाण्याचा नोहाशी संबंध नाही. आधी मूळ शब्द पाहावा. प्रलयाचा हिब्रू शब्द ‘मब्बूल’ बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकाच्या ६ ते ११ या अध्यायांत येतो आणि त्यांच्याबाहेर एकदाच, स्तोत्र २९:१० मध्ये. तिथे नोहा आठवणे रास्त आहे, जरी काही अभ्यासक तिथे आकाशावरचा जलसाठा मानतात.

एका शब्दाने भागत नसेल तर शब्दांचा जुडगा शोधावा. स्तोत्र ११:६ मध्ये दुष्टांवर पाऊस पाडणे, अग्नी आणि गंधक एकत्र येतात. उत्पत्ति १९:२४ मध्येही हेच तीन. त्यात गंधकाचा ‘गोफ्रीत’ हा शब्द सबंध जुन्या करारात (बायबलच्या हिब्रू भागात) अवघा सात वेळा येतो. नुसता अग्नी असता तर सदोमचे नाव घेणे धाडसाचे ठरले असते.

इस्राएली लोकांना सोडावे म्हणून देवाने मिसरावर (इजिप्तवर) आणलेल्या पीडा दहा. मग स्तोत्रांत त्या कमी का, आणि क्रमही वेगळा का?

स्तोत्र १०५ आठच पीडा सांगते. मरी आणि गळवे गाळली आहेत, आणि मूळ कथा सांगणाऱ्या ‘निर्गम’ या पुस्तकात नववा असलेला अंधार इथे सर्वांत आधी येतो. स्तोत्र ७८ मध्ये उवा, गळवे आणि अंधार नाहीत. ही कवीची चूक नव्हे, पाठभेदही नव्हे. श्रोत्यांना कथा पाठ आहे हे कवीने गृहीत धरलेले असते. त्यामुळे तो हवे तेवढेच उचलतो. दोन्हीकडे शेवट मात्र प्रथम जन्मलेल्यांच्या मृत्यूनेच होतो.

स्तोत्र ५५:९ मधील ‘त्यांच्या भाषेत फूट पाड’ म्हणजे देवाने माणसांच्या भाषेत गोंधळ घातला ती बाबेलची कथाच ना?

बहुधा, पण तिथेच थांबू नका. बाबेलच्या कथेत गोंधळ घालण्याचे क्रियापद ‘बालल’ आहे. इथे त्याच्याशी नाद जुळणारे ‘बाला’ आहे, ज्याचा अर्थ गिळणे असाही होतो. ‘गणना’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाच्या बंडखोरांना भूमीने गिळले तिथे हेच क्रियापद आहे. पुढे १५व्या ओवीत शत्रूंनी जिवंतच अधोलोकात उतरावे अशी मागणी येते, तीही गणना १६ मधलीच. म्हणून कोरहाचा दुवा मला बाबेलपेक्षा पक्का वाटतो. हिब्रू पाठाशी ताडून पाहताना एक लक्षात ठेवा: तिथे स्तोत्राचे शीर्षकही ओवी म्हणून मोजतात, त्यामुळे ९वी ओवी १०वी होते.

होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात (११:८) सदोम-गमोरा सोडून अदमा आणि सबोयिम ही अनोळखी नावे का?

ही त्याच प्रदेशातली नगरे. उत्पत्ति १९ मध्ये त्यांची नावे नाहीत, पण ‘अनुवाद’ या पुस्तकात (२९:२३) चारही एकत्र उलथली जातात. कवीची खरी करामत मात्र क्रियापदात आहे. सदोम ‘उलथून टाकले’ यासाठी उत्पत्तीत ‘हाफख’ वापरले आहे. होशेयात परमेश्वर इस्राएलला विचारतो की मी तुला अदमासारखे कसे करू, आणि लगेच म्हणतो की माझे हृदयच आत पालटले आहे. तिथेही ‘हाफख’च! नगर उलथायचे ते राहिले. उलथले ते न्याय करणाऱ्याचे काळीज. भाषांतरात एकीकडे ‘नाश केला’ आणि दुसरीकडे ‘कळवळले’ असे आले की हा धागा तुटतो.