बाबांना वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, बेळगावात घेतलेल्या ‘इंडियन जिनसेंग’च्या गोळ्या द्याव्यात का?

डबीवर ‘इंडियन जिनसेंग’ असेल तर ती बहुधा आपली अश्वगंधा. मागचं लेबल वाचा. खरं जिनसेंग म्हणजे कोरिया-चीनकडचं पॅनॅक्स या वनस्पतीचं मूळ. त्यातला मुख्य ऐवज जिनसेनोसाइड, रिठ्याला फेस आणणाऱ्या सॅपोनिनच्याच कुळातला.

गंमत म्हणजे आरबी१ हे जिनसेनोसाइड जसंच्या तसं फारसं शोषलंच जात नाही. आतड्यातले जीवाणू त्याला चिकटलेल्या साखरेच्या कड्या एकेक करून तोडतात, मग ‘कंपाउंड के’ तयार होऊन ते रक्तात जातं. जीवाणू ज्याचे त्याचे वेगळे, त्यामुळे सगळ्यांना सारखा गुण येईलच असं नाही. थकव्यावर थोडाफार उपयोग दिसलाय. बाकी ‘दुप्पट ताकद’ वगैरे जाहिरातबाजी.

तुमच्या बाबांना मात्र खरं जिनसेंग नकोच. २००४ च्या एका चाचणीत अमेरिकन जिनसेंगमुळे (तेही पॅनॅक्सच) वॉरफरिनचा परिणाम कमी झाला होता, म्हणजे गुठळीची भीती. शुगरची गोळीही असेल तर साखर जास्त उतरू शकते. अश्वगंधाही विचारल्याशिवाय देऊ नका, तीही साखर उतरवू शकते. आधीच काही सुरू केलं असेल, तर डॉक्टरांना डबीच नेऊन दाखवा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.